घासूनपुसून लख्ख केलेली दोन वर्षं

व्याहीबुवांस,

वाकून करायला कंबर परवानगी देत नाही, म्हणून उभ्याउभ्याच, पण अगदी मनापासून नमस्कार. विहीणबाईंनाही सांगावा. इकडे आम्ही दोघं बरी आहोत. माझा डावा गुडघा हवामान खात्यापेक्षा चोख काम करतो आहे, आणि आमच्या मंडळींचा रक्तदाब मी घराबाहेर असेन तोवर उत्तम असतो (हे डॉक्टरांनी नाही, त्यांनी स्वतःच मोजून जाहीर केलं आहे). तुमच्या खोकल्याचं काय झालं? मागच्या खेपेला तुम्ही खोकता खोकता होडीमालक संघाच्या बैठकीची हकिगत सांगत होतात, आणि खोकला कुठे संपतो नि बैठक कुठे सुरू होते ते मला शेवटपर्यंत उमगलं नाही. आमची लेक, म्हणजे तुमच्या सूनबाई, वेंधळेपणा करत असेल तर पोटात घाला. तो गुण तिने माझ्याकडून घेतला आहे. तो किती जुना नि किती मुरलेला आहे ते याच पत्रात पुढे दिसेल.

फोन सोडून पत्र का, असं तुम्ही म्हणाल. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून. (राग मानू नका, तुम्ही कोणालाच बोलू देत नाही, आणि संघाच्या अध्यक्षाला ते शोभतंही.) पत्राचं बरं असतं. त्याला मध्येच तोडता येत नाही. फार तर फाडता येतं, आणि तेवढे काही तुम्ही रागीट नाही.

तर झालं असं. बेचाळीस वर्षं मी होड्यांचे तळ खरवडले, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या तिन्ही होड्यांची बुडं मी तुमच्यापेक्षा जास्त वेळा पाहिली आहेत. चौथीत मी शाळा सोडली की शाळेने मला, हा वाद अजून मिटलेला नाही, पण खरवडणी कुणी न शिकवता शिकलो. होडीच्या बुडाला ते पांढरे, खरखरीत, कवचवाले जीव चिकटून बसतात ना, त्यांना आम्ही धक्क्यावर ‘पाहुणे’ म्हणतो, कारण बोलावलं नाही तरी येतात आणि बसले की उठत नाहीत. ते काढता काढता माझा जन्म गेला. काम थांबलं तेव्हा हात मात्र थांबेना. घरात बसून मी आधी खिडकीचा जुना रंग खरवडला, मग किटलीचं बूड, मग एक दिवस मंडळींच्या आवडत्या तव्याला खरवडायचा पत्रा लावला. त्या तव्यावरचा तो काळा थर म्हणजे त्यांची वीस वर्षांची कमाई होती म्हणे. त्याच संध्याकाळी त्यांनी माझ्यासाठी नोकरी शोधली.

नोकरी धक्क्याच्या टोकाला असलेल्या समुद्र संशोधन केंद्रात. नावावर जाऊ नका. दोन खोल्या, एक पत्र्याची शेड, आणि एक फ्रीज, ज्यात डबा ठेवायला सक्त मनाई, कारण आत तारखा घालून चिखल ठेवलेला असतो. (आपल्या घरी शिळी भाजी दोन दिवस राहिली तर बोलणी बसतात, इथे तीन वर्षांचा चिखल जपून ठेवला म्हणून शाबासकी मिळते.) माझं काम दारं उघडायची, झाडायचं, आणि कुणी काही उचलून नेत नाही ना ते बघायचं. आता चिखल कोण उचलून नेणार, असं विचारायचं मी पहिल्या दिवशी टाळलं.

तिथल्या मुख्य संशोधिकेला मी मनातल्या मनात मोजणीबाई म्हणतो, आता तोंडावरही म्हणतो. आपल्या लेकीच्या वयाची पोर, पण दिसेल ते मोजते. शेडच्या पायऱ्या सात आहेत आणि त्यातली एक डुगडुगते, हे मला तिथे चार दिवस काढून कळलं नव्हतं ते तिने पहिल्याच भेटीत सांगितलं. ती काय मोजते ते मी माझ्या शब्दांत सांगतो, कारण तिच्या शब्दांत सांगितलं तर तुम्हीही झोपाल. खाडीच्या तोंडाशी ती उथळ पट्टी आहे, जिथे मासळी अंडी घालायला येते. तिच्या डाव्या अंगाला जुनं जहाज बुडालेलं आहे, जाळी फाटतात म्हणून तिकडे कुणी फिरकत नाही. उजव्या अंगाला मात्र तळाला घासत जाणारी जड जाळी बारा महिने फिरतात. (कुणाची, ते मी लिहीत नाही. तुमचीही आहेत, इतरांचीही आहेत.) बाईने दोन्ही अंगांना दोरांवर, कोपऱ्यात आकडा कोरलेल्या वीतभर चौकोनी फरशा सोडल्या. कोऱ्या फरशीवर येऊन कोण बसतं, किती बसतात, किती टिकतात, हे दर महिन्याला वर काढून बघायचं, फोटो काढायचा आणि परत सोडायचं. दोन वर्षं. घरात पाली वाढल्या म्हणजे किडे आहेत हे आपण ओळखतो की नाही, तसंच ते: या बारक्या जिवांवर मासळीची पिल्लं जगतात, आणि ते आले नाहीत तर पिल्लंही येत नाहीत.

आणि हे सगळं कशासाठी? तर येत्या बुधवारी बंदर समिती बसणार आहे, तुम्ही होडीमालकही त्यात मत देणार. उथळ पट्टी वर्षातून तीन महिने, मासळी अंडी घालते तेवढ्यापुरती, जाळ्यांना बंद ठेवायची की नाही ते तिथे ठरायचं आहे. फरशांवरचं मोजमाप हाच बाईचा सगळा पुरावा. तो नसेल तर समिती म्हणणार, पोरी, तुला वाटतं म्हणून आम्ही होड्या थांबवायच्या काय? आणि मग पट्टी उघडी ती उघडीच.

एवढं सगळं मला आज माहीत आहे, व्याहीबुवा. हा प्रकार घडला त्या मंगळवारी यातलं एक अक्षर माहीत नव्हतं, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

शेवटच्या फोटोसाठी बारा फरशा वर काढून शेडमध्ये ओळीने मांडल्या होत्या. बाईला कुणाचा तरी फोन आला, ती वरच्या खोलीत गेली. मी झाडू घेऊन आत आलो आणि बघतो तो काय, बारा फरशा, आणि त्यांची ही अवस्था! शेवाळ लोंबतंय, शिंपल्यांची पिल्लं दाटीवाटीने बसलेली, पाहुणे एकाच्या डोक्यावर एक. मला त्या पोरीची दया आली. म्हटलं, एवढी शिकलेली मुलगी, रात्रंदिवस राबते, हिला साधी फरशी कुणी घासून देत नाही. माझा पत्रा खिशात होताच. (तो माझ्या खिशात का होता हे आमची मंडळीही विचारतात. काही माणसं कंगवा बाळगतात.) जास्त घाण झालेल्या आधी घेतल्या, म्हणजे डाव्या अंगाच्या सगळ्या सहा, मग उजवीकडच्या दोन. दीड तासात आठ फरशा अशा केल्या की त्यात तोंड बघून दाढी करावी.

बाई खाली आली. दारातच थांबली. मी हसून बाजूला झालो, म्हणजे तिला नीट दिसावं. तिने फरशांकडे पाहिलं, माझ्या हातातल्या पत्र्याकडे पाहिलं, पालथ्या बादलीवर बसली आणि रडायला लागली. मला भरून आलं. एवढ्याशा मदतीने माणूस इतका हेलावतो, म्हणजे हिला आजवर कुणी माया लावली नसणार. मी म्हटलं, ‘‘अगं वेडे, रडतेस काय? त्यात काय एवढं, माणुसकी आहे. उरलेल्या चारही करून देतो.’’ त्यावर ती जी ओरडली, ‘‘हात लावू नका!’’ की छपरावरचे पक्षी उडाले, आणि मला प्रथमच शंका आली की हे आनंदाचं रडणं नसावं.

मग तिने समजावून सांगितलं: फोटोत वरचाच थर दिसतो, खाली कोण किती दडलंय ते आत्ता फरशीवरच मोजायचं होतं. रागाने सांगितलं असतं तर बरं झालं असतं; हळू आवाजात सांगितलं. व्याहीबुवा, मी आयुष्यात पुष्कळ चुका केल्या, पण त्या सगळ्या माझ्या होत्या. ही चूक दुसऱ्याच्या दोन वर्षांवर बसली. मी म्हटलं, मी आजच नोकरी सोडतो. ती म्हणाली, ‘‘सोडा हो काका, पण आधी ते काढलेलं कुठे टाकलंत ते सांगा.’’

आणि इथे माझी जुनी खोड कामाला आली. धक्क्यावर आम्ही एका होडीची खरवड दुसरीत कधी मिसळत नाही. मालक येऊन विचारतो, ‘‘काय काढलंस दाखव,’’ आणि त्याला त्याच्याच होडीचं काढलेलं दिसावं लागतं, नाहीतर माणूस दोन हात मारून झोपला असं म्हणायला मोकळा. (तुम्हीही विचारायचात. एकदा तर तुम्ही ते उलथनीने उकरून बघितलं होतं.) त्यामुळे हात आपोआप चालला होता: आठ फरशांची खरवड आठ डब्यांत, फरशा मांडल्या होत्या त्याच क्रमाने. बिस्किटांचे, रंगाचे, एक मंडळींचा साखरेचा. बाईने डबे बघितले, मग माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली ते मी जसंच्या तसं लिहितो: ‘‘काका, तुम्ही दीड तासात जे केलंत ना, तेच ती जड जाळी तिथे रोज करतात. फक्त त्यांना डबे ठेवायची सवय नाही.’’

पुढचे अकरा दिवस आम्ही दोघं त्या खरवडीपुढे बसलो. ती भिंगातून बघायची आणि मोजायची, मी चिमट्याने वेगळं करायचो. भिंगाचं यंत्र मलाही दिलं होतं. पहिले दोन दिवस मी जो डोळा भिंगाला लावायचा तोच मिटून बसत होतो आणि ‘‘काळोख आहे’’ असं नोंदवून घेत होतो. पण जीव किती महिन्यांचा ते मी अंगठ्याने सांगायला लागलो तेव्हा तिने कान टवकारले. पाहुण्याच्या कडेवर नख फिरवलं की कळतं. आता तिने यावर विश्वास ठेवला असता तर मला ती आवडली असती, पण तिने ठेवला नाही म्हणून जास्त आवडली. न खरवडलेल्या चार फरशांवर कोण कधी येऊन बसलं ते तिला फोटोंवरून माहीत होतं. त्यातले वीस जीव माझ्यासमोर ठेवून तिने परीक्षा घेतली. चौथीनंतरची माझी पहिलीच. सतरा बरोबर आले. तीन चुकले, त्यातले दोन मला अजून मान्य नाहीत.

दरम्यान घरी एक प्रकार झाला. जागा पुरेना म्हणून दोन डबे मी घरी आणले होते, आणि वास येतो म्हणून मंडळींनी ते कुंड्यांत खत म्हणून ओतले. मोजणीबाई स्वतः आमच्या गॅलरीत आली आणि कुंडीसमोर मांडी घालून बसली. मंडळी आधी घुश्शात होत्या, मग चहा करून आणला, मग स्वतःच चमच्याने माती उकरून ‘‘हे बघ गं, हा एक पाय दिसतोय’’ म्हणू लागल्या. शेवटी त्यात एक गांडूळ निघालं. बाई म्हणाली, समुद्रात गांडुळं नसतात, आता हे दोन डबे सोडून द्यायचे. मंडळींना वाईट वाटलं, पण झाडाला त्या महिन्यात फुलं चांगली आली.

तर सहा डबे आणि चार फरशा उरल्या, आणि त्यावरून अहवाल झाला. त्यात माझाही उल्लेख आहे, तळाशी बारीक अक्षरात: आठ फरशा देखरेख करणाऱ्या गृहस्थांनी चुकून साफ केल्या, त्यांपैकी दोन फरशांवरचे नमुने गेले, सहांवरचे त्यांच्याच सवयीमुळे वाचले. मी तिला म्हटलं, ‘चुकून’ हा शब्द गाळला तर नाही चालणार? ती म्हणाली, काका, मी तुमची चूक लपवली तर समितीने माझ्या बरोबर आकड्यांवर तरी का विश्वास ठेवावा? मंडळींनी ती ओळ दोनदा वाचली आणि म्हणाल्या, बेचाळीस वर्षांत तुमच्याबद्दल इतकं खरं कुणी लिहिलं नव्हतं. आता तो कागद कपाटात, मंडळींच्या चांगल्या साड्यांखाली आहे.

निघालं काय, ते सांगतो. डाव्या अंगाच्या डब्यांत एकतीस जातींचे जीव: शिंपल्यांची पिल्लं, मऊ स्पंज, नखाएवढे खेकडे, शेवाळाचेच सहा प्रकार. उजव्या अंगाला चार जाती आणि बाकी गाळ. तिथे फक्त ते टणक पांढरे पाहुणे टिकतात, ज्यांना कशाचंच काही वाटत नाही. आणि आणखी एक गोष्ट, जी मी तिला बोलता बोलता सांगितली. पूर्वी एका होडीचा तळ काढायला मला अडीच दिवस लागायचे, शेवटच्या वर्षांत दुपारच्या आत व्हायचा. मला वाटायचं, हात बसलाय. ती हळूच म्हणाली, ‘‘थोडं श्रेय जीव चिकटू न देणाऱ्या नव्या रंगाला, काका. पण सगळं तुमच्या हाताला नका देऊ. समुद्रच रिता होत चाललाय.’’ एवढी वर्षं जिला मी कारागिरी समजत होतो ती उपासमार होती म्हणायची.

तुम्ही संघाच्या बैठकीत म्हणालात की गोगलगायी मोजून कुणाचं पोट भरत नाही. बरोबर बोललात. पण ही पोर होड्या बंद करा म्हणत नाही. मासळी तिलाही लागते, आणि माझ्यापेक्षा जास्त लागते. नऊ महिने जाळी टाका, बाकीचा समुद्र बारा महिने तुमचाच, फक्त त्या पट्टीला तीन महिने बाळंतपणाची रजा द्या, एवढंच तिचं म्हणणं. आपल्या लेकीला तुम्ही सहा महिने माहेरी पाठवलं होतंत, तेही ‘सावकाश येऊ दे’ म्हणून. इथे तर निम्माच हिशेब आहे.

बाकी सर्व ठीक. पायरी मी दुरुस्त केली, आता सातही घट्ट आहेत. सूनबाईंना आशीर्वाद, विहीणबाईंना नमस्कार, आणि तुम्ही गरम पाणी पीत जा.

आपला,
तळ खरवडणारा व्याही

ता. क. वर एक लपवलं. फरशा बारा नव्हत्या, तेरा होत्या. तेरावी उजव्या अंगाच्या अगदी मध्यावर सोडली होती, आणि तिचा दोर कुणाच्या तरी जाळ्यात तुटला. बाईला वाटतं, ती समुद्रात गेली. दोन महिन्यांपूर्वी मी तुमच्याकडे आलो तेव्हा वाटेत चपला चिखलाने भरल्या होत्या, म्हणून न्हाणीघरात पाय धुवायला गेलो. तिथे कोनाड्यात, साबणाशेजारी, पांढऱ्या पाहुण्यांनी खरखरीत झालेली, विहीणबाईंची टाचा घासायची फरशी होती. कोपऱ्यात कोरलेलं: १३. तेव्हा मी नोकरीला नव्हतो, आकड्याचा अर्थ ठाऊक नव्हता. (खोटं कशाला बोलू, मीही एक टाच घासून पाहिली. फार सुरेख निघते.) अर्थ कळला तेव्हा जीभ रेटेना. लेकीच्या सासरी पाय धुवायला जावं आणि पुरावा घेऊन बाहेर यावं, हे बरं दिसत नाही. एवढी लांबण लावून माझी फजिती सांगितली ती याचसाठी, की फरशी परत देताना तुम्हाला संकोच वाटू नये. कृपा करून बुधवारच्या आत पाठवा. आणि हात जोडून सांगतो, धुऊ नका.

आणखी ता. क. मंडळींनी पत्र वाचलं. म्हणतात, आडवळणं पुरेत, सरळ लिहा: अध्यक्षांनी बुधवारी हात वर केला नाही तर बाकीचे मालकही करणार नाहीत, आणि मग पोरीची दोन वर्षं आणि यांचे अकरा दिवस पाण्यात. लिहिलं सरळ.

अगदी शेवटचं ता. क. पाकीट चिकटवणार तोच लेकीचा फोन आला. मी सहज विषय काढला. ती म्हणते, बाबा, ती फरशी घरातल्या सगळ्यांनी वापरून पार गुळगुळीत झाली, आता तिच्यावर समुद्राचं काहीच उरलेलं नाही, आणि सासूबाई विचारताहेत, तशी दुसरी एखादी तुमच्या ऑफिसातून मिळेल का?

म्हणजे व्याहीबुवा, तुम्ही आणि मी एकाच गुन्ह्यातले आरोपी झालो. तेव्हा फरशी राहू दे तुमच्याकडेच. ती जे सांगणार होती ते सांगायला आता तुम्हीच उरलात. त्या पट्टीवरून जाळं वर ओढलं की पूर्वी त्यात काय असायचं आणि हल्ली काय असतं, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक आहे? तेवढं बुधवारी उभं राहून सांगा आणि हात वर करा. आणि विहीणबाईंना कळवा की तशी दुसरी मिळणार नाही. पट्टीला रजा मिळाली तर तिथे आता सगळं मऊमऊच उगवेल. त्यांच्यासाठी बाजारातली टाचा घासायची चांगली वजरी घेऊन मी स्वतः बुधवारी येतो आहे. देईन मात्र बैठक संपल्यावर. आधी दिली तर लाच होईल, आणि मोजणीबाई तेही तळाशी बारीक अक्षरात छापेल.